कादंबरी लिहायची, पण कशावर?

आज शेळीपालन नाही, कर्जाचे हप्ते नाहीत, लोणच्याच्या बरण्याही नाहीत. आज आपण कादंबरी लिहिण्याविषयी बोलणार आहोत. त्यातही एका साध्या अडचणीविषयी: लिहायची कशावर?

हसू नका. लवासाच्या आजूबाजूच्या वाड्यांमधल्या आमच्या गटात तिघी लिहितात. एक रोजचं टिपण ठेवते, एक नातवंडांसाठी गोष्टी लिहिते, आणि साठी उलटलेल्या एक मावशी चक्क कादंबरी लिहायला बसल्या आहेत. वरसगावचं धरण झालं, पाणी चढत आलं. पुढे दासव्याच्या अंगाने डोंगरउतारावर रंगीत इमारतींचं शहर उभं राहिलं. २०१०च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण खात्याने काम थांबवायला लावलं, २०१८मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली. एवढं सगळं पेपरात येऊन गेलं. पण त्या सगळ्या वर्षांत चुलीपाशी काय बोलणं होत होतं, जमिनीचा कागद घरात आला तेव्हा सुनेला कुणी विचारलं का, नव्या बंगल्यात भांडी घासायला जाताना आपल्याच जुन्या खाचरावरून चालताना काय वाटतं, हे कुठे छापून आलं नाही. मावशींना तेच लिहायचं आहे.

मावशींना लिहिता-वाचता येतं. पण बोटांना संधिवात आहे. दोनशे पानी वही आणली, सहा पानं झाली आणि हात सुजला. तेव्हा गटात ठरलं, की फोनवर किंवा कॉम्प्युटरवर सोपं काही सापडतं का बघू. त्या शोधातून आम्हाला जे कळलं, ते आज सांगतो.

लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचे प्रकार पुष्कळ आहेत. खास कादंबरीकारांसाठी बनवलेलीही आहेत. ‘स्क्रिव्हनर’ हे त्यातलं नावाजलेलं. त्यात प्रकरणं चिठ्ठ्यांसारखी फळ्यावर लावता येतात, मागेपुढे हलवता येतात, पात्रांची टिपणं बाजूला ठेवता येतात. चीज चांगली आहे. पण ते विकत घ्यावं लागतं, शिकायला वेळ लागतो, आणि अँड्रॉइड फोनवर ते चालतच नाही. आपल्यापैकी बहुतेकींकडे कॉम्प्युटर नाही, फोन आहे. मग ते आपल्या काय कामाचं? कुणाच्या मुलीकडे लॅपटॉप असेल तर ‘लिब्रेऑफिस’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात मराठी उत्तम लिहिता येतं. तेवढं पुरे.

आणि भारी सॉफ्टवेअर नाही म्हणून मन लहान करू नका. इंग्रजीत जाडजूड कादंबऱ्या लिहिणारे जॉर्ज आर. आर. मार्टिन, ज्यांच्या पुस्तकांवरून ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही जगभर गाजलेली मालिका निघाली, ते ‘वर्डस्टार’ नावाच्या १९८०च्या दशकातल्या प्रोग्रामवर लिहितात. इंटरनेट नसलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर! कारण विचाराल तर तो प्रोग्राम मध्ये लुडबुड करत नाही, लेखकाने लिहिलेला शब्द आपल्या मनाने बदलत नाही. हे कारण लक्षात ठेवा, पुढे आपल्याला लागणार आहे.

आता आपल्या हातातला फोन. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये गूगलचा ‘जीबोर्ड’ हा कीबोर्ड आधीपासून असतो. नसेल तर प्ले स्टोअरवरून फुकट घेता येतो. त्याच्या सेटिंगमध्ये ‘भाषा’ म्हणून भाग आहे, तिथे मराठी जोडून घ्यायची. मराठीचे तीन प्रकार दिसतात. एकात देवनागरी अक्षरं मांडलेली असतात. दुसऱ्यात इंग्रजी अक्षरांत ‘aai’ असं टाइप केलं की ‘आई’ उमटतं. कॉलेजच्या मुली हेच वापरतात. तिसऱ्यात पडद्यावर बोटाने गिरवलं की छापील अक्षर होतं. ज्यांचा हात वहीला सरावलेला आहे त्यांना हा तिसरा प्रकार लवकर जमतो. आमच्यात टिपण ठेवणारी ताई पहिल्याच दिवशी त्यावर लिहायला लागली.

मावशींसाठी मात्र कामाला आलं ते कीबोर्डवरचं माईकचं चिन्ह. ते दाबायचं आणि बोलायचं. २०१७मध्ये गूगलने बोलून टाइप करण्याच्या सोयीत मराठी आणली. व्यासांनी महाभारत सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. गणपतीची अट होती, की सांगताना थांबायचं नाही. व्यासांनी उलटी अट घातली, की अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही. आपल्या फोनला गणपतीची अट पाठ आहे. जरा थांबलं की माईक बंद! व्यासांची अट मात्र त्याने ऐकलेलीच नाही. काही समजो न समजो, तो लिहून मोकळा होतो.

म्हणून बोलण्याआधी पूर्ण वाक्य मनात जुळवावं, मग माईक दाबावा. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब. वाक्यं लहान ठेवावीत. पूर्णविराम, स्वल्पविराम, बोलण्याची अवतरणचिन्हं हातानेच घालावी लागतील असं धरून चालावं. एक पान बोलून झालं की लगेच वाचून काढावं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर ‘खाचर’च्या जागी उमटलेला ‘कचरा’ मूळ काय होता, हे आपल्यालाच आठवत नाही.

इथेच आम्हाला सर्वांत मोठी अडचण आली, आणि हिच्याविषयी जरा सविस्तर बोलायला हवं. मावशींच्या कादंबरीतली सासू ‘व्हय’ म्हणते, ‘न्हाई’ म्हणते, ‘आन् मंग’ म्हणते. फोन काय करतो? ‘होय’, ‘नाही’, ‘आणि मग’ असं लिहितो. त्याला पुस्तकी मराठी शिकवलेली आहे, त्याला वाटतं आपण चुकलो, तो सुधारतो. दोन प्रकरणं झाल्यावर मावशींना आम्ही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘‘ही माझी सासू न्हाई. ही तर मास्तरीणबाई झाली.’’

ही बारीक गोष्ट नाही. मोशाच्या खोऱ्यातली बाई पुण्याच्या बाईसारखी बोलायला लागली तर त्या कादंबरीत तिचं काय उरलं? बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घ्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या म्हणत गेल्या, आणि मुलगा सोपानदेव व घरातल्या माणसांनी लिहून घेतलं. त्या १९५१मध्ये गेल्या, पुस्तक १९५२मध्ये आलं. लिहून घेणाऱ्यांनी त्यांची खानदेशी बोली पुस्तकी केली असती, तर आज त्यांचं नाव कुणी घेतलं असतं का? आम्हाला नाही वाटत.

दुसरं उदाहरण तर आपल्याच मुळशीतलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दोघांनी इथल्या डोंगरवाड्यांतल्या बायकांबरोबर काम करताना जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. मुळशीतल्या नांदगाव, कोळवड्यासारख्या गावांतल्या बायकांच्या ओव्या त्यात आहेत. पुढे हे काम महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत पसरलं आणि एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. आवाज ध्वनिमुद्रित केले, शब्द बायका म्हणतात तसे उतरवले, मग ते कॉम्प्युटरवर देवनागरीत भरले. २०१७पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यातल्या ओव्या आवाजासकट ऐकायला मिळतात. त्यांची रीत आधी आवाज जपण्याची, अक्षराकडे नंतर वळण्याची होती. आम्ही तीच उचलली.

म्हणजे असं. फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करण्याचं ॲप असतं, त्याला इंटरनेट लागत नाही. हे महत्त्वाचं, कारण पावसाळ्यात टेमघरच्या पुढे रेंज कधी असते कधी नसते, आणि बोलून टाइप करायला ती लागते. मावशी सासूचं बोलणं, भांडणं, गाऱ्हाणी हे सगळं रेकॉर्ड करतात. निवेदन, म्हणजे ‘त्या दिवशी सकाळी अमुक झालं’ असा भाग, त्या माईकवर बोलून टाइप करतात. मग गटातली कुणी एक, जिचा हात टाइपिंगला बसला आहे, ती रेकॉर्डिंग ऐकून संवाद अक्षरन् अक्षर मावशींच्या तोंडचे लिहिते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘मजकूर सुधारणा’ असा भाग आहे, त्यात आपोआप दुरुस्ती बंद करता येते. तिथेच ‘वैयक्तिक शब्दकोश’ असतो. त्यात ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘वाईच’, ‘कवाधरनं’ असे आपले शब्द एकदा घातले की हाताने लिहिताना फोन ते शब्द सुचवू लागतो. आम्ही असे चाळीसेक शब्द घातले. मार्टिनसाहेबांना जुना प्रोग्राम का आवडतो, ते तेव्हा आम्हाला कळलं.

आता लिहिलेलं ठेवायचं कुठे? पुष्कळजणी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश पाठवून लिहितात. सुरुवातीला ते सोपं वाटतं, आणि चार ओळींचं टिपण असेल तर हरकत नाही. पण कादंबरी त्यात ठेवू नका. ओळखीतल्या एकीची अकरा प्रकरणं अशी व्हॉट्सॲपवर होती. भात लावताना फोन चिखलात पडला, बॅकअप घेतलेला नव्हता, नव्या फोनमध्ये काही आलं नाही. अकरा प्रकरणं! ती अजून पुन्हा लिहायला बसलेली नाही.

त्यापेक्षा ‘गूगल डॉक्स’ बरं. फुकट आहे, मराठी नीट चालते, आणि ‘सेव्ह’चं बटण दाबायची आठवण ठेवावी लागत नाही. फोन बुडाला तरी दुसऱ्या फोनवर आपला ईमेल आणि पासवर्ड घातला की वही पुन्हा उघडते. फक्त एक करायचं: फाइलच्या शेजारच्या तीन टिंबांवर दाबून ‘ऑफलाइन उपलब्ध करा’ हे निवडून ठेवायचं. मग रेंज नसतानाही टाइप करता येतं, रेंज आली की वर चढतं. जागेची काळजी नको. गूगल १५ जीबी जागा फुकट देतं, आणि साठ हजार शब्दांची अख्खी मराठी कादंबरी फोनमधल्या एका चांगल्या फोटोपेक्षाही कमी जागेत मावते. आम्ही हिशेब करून बघितला, आमचाच विश्वास बसेना.

त्यात आणखी एक सोय आहे, ती कादंबरीवाल्यांनी जरूर शिकावी. प्रकरणाचं नाव लिहिल्यावर त्या ओळीला ‘शीर्षक’ हा प्रकार द्यायचा. तसं केलं की सगळ्या प्रकरणांची यादी आपोआप तयार होते, आणि यादीतल्या नावावर बोट ठेवलं की थेट त्या प्रकरणात जाता येतं. फोनच्या लहान पडद्यावर दीडशे पानं बोटाने सरकवत बसणं काय असतं, ते एकदा करून बघा म्हणजे या सोयीची किंमत कळेल. आणि सगळं पहिल्यापासून ओळीने लिहिलं पाहिजे असं काही नाही. मावशींनी आधी पाणी चढल्याचं प्रकरण सांगितलं, मग मागे जाऊन लग्नाचं.

फोन कुणाचा, हाही प्रश्न आहेच. आपल्याकडे फोन पुष्कळदा घरात एकच. मुलगा गेम खेळतो, नवरा व्हिडिओ बघतो. कादंबरीत घरातलं, भावकीतलं काही ना काही येणारच, आणि अर्धवट लिहिलेलं कुणी वाचून टिंगल केली, की बाई पुन्हा लिहीत नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी आपल्या छोट्या दुकानात बसून आत्मकथन लिहिलं आणि वीसेक वर्षं ते घरच्यांपासून दडवून ठेवलं. ते आधी ‘स्त्री’ मासिकातून आलं आणि १९८६मध्ये ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तक झालं. दडवायला त्यांच्याकडे दुकानातली अडगळ होती. आपल्याकडे पासवर्ड आहे. लिहिण्यासाठी स्वतःचा वेगळा ईमेल काढा, त्याचा पासवर्ड मुलाला सांगू नका, आणि तो कागदावर लिहून डाळीच्या डब्यात ठेवा. डॉक्समधली फाइल आपण कुणाला दिली नाही तोवर ती फक्त आपल्यालाच दिसते. वाचायला द्यायची झाली, तर ‘फक्त वाचता येईल’ असा पर्याय निवडता येतो. मग वाचणाऱ्याला आपला शब्द बदलता येत नाही.

छापायची वेळ आली की फॉन्टचं झेंगट सुरू होतं. आमच्या एका मैत्रिणीने वहीतल्या कथा तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात टाइप करून घेतल्या. पानाला पैसे मोजले. पेनड्राइव्ह घरी आणला, भावाच्या कॉम्प्युटरवर लावला, तर सगळी इंग्रजी अक्षरं, चिन्हं, कंस. मराठीचा एक शब्द नाही. दुकानदार म्हणाला, ‘‘आमच्या फॉन्टशिवाय दिसायचं नाही.’’

होतं ते असं. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटर आतून इंग्रजी अक्षरच साठवतो आणि वरून त्यावर मराठी अक्षराचं चित्र चिकटवतो. तो फॉन्ट जिथे नाही तिथे चित्र गळून पडतं, इंग्रजी कचरा उरतो. ‘युनिकोड’ या पद्धतीत प्रत्येक मराठी अक्षराला जगभर एकच स्वतःचा क्रमांक असतो. ‘क’चा क्रमांक २३२५. तो पुण्यात २३२५, लंडनमध्येही २३२५. म्हणून युनिकोडमध्ये लिहिलेलं कुठल्याही फोनवर वाचता येतं. जीबोर्ड, गूगल डॉक्स, लिब्रेऑफिस हे सगळे युनिकोडमध्येच लिहितात. कुणाकडून टाइप करून घ्यायचं असेल तर पैसे देण्याआधी सांगा, ‘‘युनिकोडमध्ये द्या,’’ आणि पहिलं पान तिथल्या तिथे आपल्या फोनवर पाठवून उघडून बघा.

कोणतंही सॉफ्टवेअर मराठीला चालेल की नाही हे तपासायला आम्ही एक ओळ ठरवली आहे: ‘दऱ्याखोऱ्यांतल्या ज्ञानूने श्रावणात वाळवणाशेजारी बसून कॉफी प्यायली.’ वाक्य वेडगळ आहे, पण ‘दऱ्या’तला अर्धा र, ‘ज्ञ’, ‘श्र’, ‘ळ’, ‘कॉ’ हे सगळे अडेलतट्टू त्यात आले. ही ओळ नीट उमटली, तर पुढची दोनशे पानं उमटतील. छापखान्यात काही ठिकाणी युनिकोडचं पुन्हा त्यांच्या फॉन्टमध्ये रूपांतर करतात, तेव्हा हेच अर्धे र आणि जोडाक्षरं मोडतात. म्हणून छपाईआधीचं मुद्रित स्वतः वाचल्याशिवाय होकार देऊ नका. आणि ‘आमच्या माणसाने बोली शुद्ध करून दिली आहे’ असं कुणी कौतुकाने सांगितलं, तर ती आधी होती तशी करून मागा.

पुस्तक न छापता लोकांपर्यंत जायचं असेल तर ‘प्रतिलिपी’सारखी ॲप आहेत, तिथे मराठीत कथा-कादंबरी प्रकरणाप्रकरणाने चढवता येते आणि वाचक प्रतिक्रिया देतात. पहिलं लिखाण करणाऱ्यांना त्याने हुरूप येतो. पण पुढे प्रकाशकाकडे जायचा विचार असेल तर सगळी कादंबरी तिथे टाकण्याआधी अटी वाचा, नाहीतर दोन-चार प्रकरणांवर थांबा. आपल्या लेखनाचा हक्क मात्र लिहिल्या क्षणापासून आपलाच असतो, त्यासाठी कुठे नोंद करावी लागत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो लेखिकेच्या हयातीत आणि तिच्या मागे ६० वर्षं टिकतो. सातबाऱ्यावर आपलं नाव असो नसो, कादंबरीवर ते असतं.

प्रकाशकाला पाठवताना डॉक्समधून ‘वर्ड’ची फाइल उतरवून घ्या आणि सोबत पीडीएफही द्या, म्हणजे अक्षर मोडलं तर मूळ कसं होतं हे त्यांना दिसेल. स्वतःच गटातर्फे छापायचं ठरवलंत, तर पुस्तकाला लागणारा आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात सरकारकडून मोफत मिळतो. त्याचे कुणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका. एक प्रत कागदावर छापून घरातल्या ट्रंकेतही ठेवा. पुढच्या गुरुवारी दुपारी समाजमंदिरात आम्ही जीबोर्ड आणि डॉक्स फोनवर लावून देणार आहोत. फोन चार्ज करून आणा, आणि घरातलं कुणी सोबत येत असेल तर त्याला बाहेर बसवा.